सिडनीहून पन्नास मिनिटांत

"यान सिडनीहून सुटलं," डॉक्टर खानझोडे म्हणाल्या, तसे भूगोलाचे शिक्षक मुरलीधर ढोबळे खुर्चीतून उठलेच. त्यांच्या लेकीला, चैतालीला, जुळणारं हृदय अखेर मिळालं होतं, पण दहा हजार किलोमीटरवर. आणि काढलेलं हृदय जेमतेम चार तास टिकतं.

"नागपूरला यायला किती वेळ लागेल जी?"

"पन्नास मिनिटं. वातावरणाच्या वरून येतंय."

ढोबळे सर रुग्णालयाच्या गच्चीकडे धावले. पाऊण तासाने आभाळात एक ठिपका चमकला आणि बघता बघता मोठा झाला. हृदयाचा डबा घेऊन यानातून उतरलेल्या परिचारिकेला त्यांनी वाकून नमस्कारच केला.

शस्त्रक्रिया झाल्यावर संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या कानाला स्टेथोस्कोप लावला. लेकीच्या छातीत ठोके दणदणत होते.

"इतक्या लांबून आलंय," सर डोळे पुसत हसले, "पण दमलेलं नाही."