कहव्याचा पेला

मस्कतचं गलबत सकाळपासून जयगडच्या खाडीत उभं होतं. उष्म्याने आखात आता माणसाने राहण्याजोगं उरलं नव्हतं. जांभ्याच्या पोटात खोदलेल्या शीतनगराच्या यंत्राने जागा नाही असं अस्खलित अरबीत सांगून पाहिलं, तरी गलबत हलेना. यंत्रच चुकलं असेल, असं गलबतावरच्या लोकांना वाटलं. शेवटी शीतनगराने आपल्या दुभाषी नुजहत मुकादमला होडीतून पाठवलं.

गलबतावर पोरं पायांत बूट घालून, उतरायच्या तयारीत बसली होती. म्हाताऱ्या नाखव्याने आधी तिच्या हातात कहव्याचा पेला दिला.

"कुणाची गं तू?"

"कासम मुकादमची. अब्बा मस्कतला कामाला होते. मी तिथेच वाढले."

"मग आपलीच की!" त्याने पेला पुन्हा भरला.

तिच्या कानातल्या यंत्रातून शीतनगराचे साहेब बोलत होते, "वी आर ॲट कपॅसिटी. त्यांना पटेल असं सांग."

नुजहत अरबी शिकली ती या लोकांच्या घरांत, आणि तिथे कुणी कुणाला जागा नाही म्हटलेलं तिने ऐकलंच नव्हतं. तिथे पाहुण्याने रिकामा पेला हलवला, की आता मावत नाही, हे यजमानाला कळायचं. तोवर तो ओततच राहायचा.

तिने पेला रिकामा केला, डोंगरातल्या शीतनगराकडे हात दाखवला आणि पेला हलवला.

म्हाताऱ्याने पेला हळूच काढून घेतला आणि मागे वळून बायकांना म्हणाला, "पोरांचे बूट काढा."