निवडुंगाची उशी

मुलगा देवाघरी गेल्यापासून सासूबाई सोफ्यासाठी क्रोशाने निवडुंगाच्या आकाराची उशी विणत बसायच्या. एकदा त्यांच्या नकळत सुनेची बांगडी अडकून थोडी वीण उसवली, तर त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. “त्याचाच उद्योग! लहानपणीही लबाड असंच माझं विणकाम उसवायचा.”

ते हसू टिकावं म्हणून मग सूनच रोज गुपचूप थोडे टाके उसवून ठेवू लागली.

चार दिवस नणंदेकडे राहून दोघी परतल्या. कुलूप सुनेनंच उघडलं आणि ती उंबऱ्यातच थिजली. अख्खा निवडुंग उसवला होता, हिरवी लोकर घरभर पसरली होती.

सासूबाई मात्र शांतपणे लोकर गुंडाळू लागल्या.

“आपण त्याला न सांगता गेलो ना, रुसला गं.”