जास्तीचं होल

लेथचं टूल चुटकीसरशी बदलता यावं म्हणून साक्रीच्या रतिलालनानांनी भंगारच्या लोखंडातून टूल पकडून धरणारी टूलपोस्ट स्वतः घडवली आणि धुळ्याला हितेंद्रभाऊंच्या मशिनरीच्या दुकानात विकायला नेली.

"मागे हे जास्तीचं होल कसलं?" भाऊंनी नाक मुरडलं.

"मन्हा हात चुकना, भाऊ."

"असला जुगाड कोण घेणार, नाना? राहू द्या इथे, बघू."

दिवाळीनंतर नाना ती परत न्यायला गेले, तर भाऊंनी रंगीत खोक्यातली चकचकीत टूलपोस्ट पुढे ठेवली. "हा बघा कंपनीचा माल!"

नानांनी ती उलटी केली. तेच होल, त्याच जागी, तेवढंच तिरकं. त्यांनी होलावर बोट ठेवलं.

"आनि हाई होल?"


"ते तेल सोडायला दिलंय, नाना. याला म्हणतात डोकं!"