चांद्याच्या कपाळावरचं पांढरं

"वर जाऊन आल्यावर पांढरे केस जात असतील," न्हावी म्हणाला, "तर माझी निम्मी गिऱ्हाइकं उद्याच रॉकेटात बसतील!"

दुकानात हशा पिकला. खुर्चीतला रखवालदार तेवढा हसला नाही. प्रयोगशाळेतली माकडं सांभाळायचं काम त्याचं. त्याच्या अर्ध्या गालावर साबण होता आणि समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे उड्डाणाआधीचा चांद्या, कपाळावर नाण्याएवढा पांढरा ठिपका. उजवीकडे अंतराळातून सुखरूप परतलेला चांद्या, कपाळ सगळं तपकिरी. खाली जाड अक्षरांत विचारलं होतं, ‘ठिपका कुठे गेला?’

"काका, तुम्ही तर तिथेच असता," न्हावी आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला. "खरं सांगा, माकड वर गेलं होतं की सरकारनं आम्हालाच माकड बनवलं?"

"गेलं होतं. पट्टे मी बांधले त्याचे."

"आणि आलं परत?"

"वस्तरा सांभाळ," रखवालदार म्हणाला.

परत आलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी. हवाई छत्री उशिरा उघडली होती. यानाची झडप रखवालदारानेच उघडली आणि आत एकदा बघून तो मागे वळला. "कुणी हात लावू नका," एवढंच बोलला. त्याने ते मऊ, गार शरीर आपल्या कोटात गुंडाळलं आणि प्रयोगशाळेमागच्या भट्टीत स्वतःच नेऊन ठेवलं.

तोवर मंत्र्यांनी रेडिओवरून देशाचं अभिनंदन करून टाकलं होतं. प्रयोगशाळेचे संचालक धावतच रखवालदाराकडे आले.

"दुसरं दे एखादं. तासाभरात कॅमेरे येतायत."

ते स्वतःच पिंजऱ्यांपुढून झपाझप चालत गेले. सगळी माकडं त्यांना सारखीच दिसत. शेवटच्या पिंजऱ्यातून एक हात बाहेर आला आणि त्याने रखवालदाराची बाही घट्ट धरली.

"हाच घे. माणसाळलेला दिसतोय, चावायचा नाही."

"साहेब, हा नको."

"का?"

संध्याकाळच्या बातम्यांत ते माकड त्याच्या खांद्यावर बसून सगळ्या देशाला दिसलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जुना फोटो शोधून काढला, आणि तिथून जी बोंबाबोंब सुरू झाली ती थांबेना. फाटकावर रोज माणसं जमत, माकडासारखे चीत्कार करत, आत केळ्यांच्या साली फेकत.

घरी त्याचं ताट तसंच पडून होतं.

"अहो, दोन घास तरी खा," बायको म्हणाली. यानातलं माकड जिवंत परतलं नाही हे बाहेरच्यांपैकी तिला एकटीला ठाऊक होतं. "आठ दिवसांचा होता तेव्हा आणलात त्याला. बाटलीनं दूध पाजलं आपण. माझ्या मांडीवर झोपायचा तो. मलाही भरून येतंच की. पण वरून हुकूम आला, तुम्ही तरी काय करणार होतात?"

"पट्टे बांधताना त्यानं माझं बोट धरलं होतं," तो म्हणाला. "मी सोडवून घेतलं."

"तुमचा काय दोष त्यात?"

तो ताटावरून उठला आणि किती तरी वेळ हात धूत राहिला.

गुरुवारी दुपारी संचालकांनी त्याला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"उद्या चौकशी समिती येतेय. सोबत पत्रकार. आपण सांगायचं की उष्णतेनं ठिपक्याचे केस करपून तपकिरी झाले होते, आता ठिपका पुन्हा उगवला. भांडारात पक्का पांढरा रंग आहे ना, जनावरांवर खुणा करायचा? लाव त्याला."

"आणि नाही पटलं तर?"

"तर सगळ्यांसमोर पुन्हा उडवायचा. हाच, हेच माकड. तसं मंत्र्यांनी बजावलंय." संचालकांनी डोळे चोळले. "ते लोक स्पिरिटचा बोळा घेऊन येणार आहेत म्हणे. घासून बघतील. तेवढ्यात रंग सुटला तर तू गेलास, मी गेलो आणि ते माकडही गेलं."

"सुटणार नाही, साहेब."

"एवढी खात्री?"

"घासू देत हवं तेवढं."

संचालकांनी भांडाराची किल्ली त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तू तुझा चांद्या गमावलास, आणि वर हे पण तुलाच करायला सांगतोय. माफ कर बाबा."

रखवालदाराने किल्ली उचलली.

धुण्याच्या खोलीत त्याने कडी लावली. माकड त्याच्या खांद्यावरून उतरून मोरीच्या कठड्यावर बसलं. त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, माकडाची हनुवटी एका हातात धरली आणि कपाळ घासायला लागला. बोळा तपकिरी झाला. दुसराही झाला. बुटाच्या पॉलिशचा वास खोलीभर पसरला. तिसऱ्या बोळ्याला काहीच लागलं नाही, आणि चांद्याच्या कपाळावर त्याचा जन्मापासूनचा पांढरा ठिपका लख्ख दिसायला लागला.

पांढऱ्या रंगाची बाटली भांडारातल्या कपाटातच राहिली. ती अर्धी रिकामी होती. अर्धा रंग उड्डाणाच्या सकाळीच संपला होता, शेजारच्या पिंजऱ्यातल्या एका माकडाच्या कपाळावर. त्या माकडाला कुणी नावही ठेवलं नव्हतं.