श्रावणातले पापड

“सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही!” अंतराळ-दुर्बिणीच्या केंद्रातून बाहेर येत भार्गवराव लेकीला म्हणाले.

पंधरा प्रकाशवर्षांवरच्या आरशातून ती दुर्बीण तीस वर्षांपूर्वीची पृथ्वी दाखवायची. रेवती तान्ही असताना तिची आई गेली, त्याला उद्या तीस वर्षं पूर्ण होणार होती. आई जिवंत दिसण्याचा हा शेवटचा दिवस, आणि आत एकालाच सोडत होते.

“गच्चीवर पापड वाळत घालत होती. कडेवर तू. माझी चाहूल लागल्यासारखी वर बघून हसली गं!”

रेवतीनं त्यांचा ओला चष्मा काढून ओढणीनं पुसला.

“पुरे थापा, बाबा. भर श्रावणात कोण पापड वाळत घालतं? नुसते ढगच दिसले ना?”