मामांच्या जिवावर

खंडेनवमीला शेठ सोलापुरातल्या सराफी दुकानात बंदुकीचीही पूजा करतात. माझे बाबा तिथले पहारेकरी; दुकानात सगळे त्यांना ‘मामा’ म्हणतात. ते बंदूक पुसायला बसले तेव्हा ती आतून कशी असते ते बघायचा मी हट्ट धरला. बाबा सांगू लागले, “नळीखालचा हा दस्ता मागं-पुढं केला की काडतूस नळीत जातं. खटका दाबला की पिन त्यावर आपटते अन् बार उडतो.” त्यांनी पहिल्यांदाच बंदूक खोलली. पिनेच्या जागी नुसतं भोक होतं. गेल्या दिवाळीत हीच बंदूक रोखून ते चोरांपुढे उभे राहिले होते. दस्त्याचा खडखडाट ऐकूनच चोर पळाले. तेव्हापासून शेठ सगळ्यांना सांगत, “दुकान मामांच्या जिवावर चाललंय.” “शेठ, पिन कुटं गेली?” बाबांनी विचारलं. “पहिल्यापासूनच काढून ठेवलीय, मामा. चोर आवाजालाच भितो की. भरलेली बंदूक माझ्याच पाठीमागे, धरणाऱ्या माणसाचं काय सांगावं?” शेठनी बंदुकीला कुंकू लावलं. “जिवावर म्हंजी असं व्हय?” बाबांनी कुंकू अंगठ्यानं पुसलं.