वळण

सकाळी साडेदहाला आईने खोलीचं कुलूप उघडलं. एका माणसाने सात वर्षं कोंडून ठेवलेल्या या मायलेकी सुटून तीन आठवडे झाले होते. मुलगी तर त्या कोंडवाड्यातच जन्मली होती. त्या दिवशी आईला शिवणकामाच्या दुकानात नोकरीचं विचारायचं होतं. पोर कडेवर घेऊन गेलं तर काम कोण देणार, म्हणून तासाभरासाठी हे कुलूप तिनेच लावलं होतं.

मुलगी भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभी होती. तिकडे कोंडवाड्यात चावी वाजली की दोघी अशाच उभ्या राहायच्या.

"वळू का?"

"अगं, मी आहे. आई."

मुलगी वळली. आईच्या हातातल्या चावीकडे बघत म्हणाली, "तुम्ही लवकर आलात."

आजवर ती 'तुम्ही' म्हणायची ते फक्त त्या माणसाला.

चावी आईने शेजारच्या काकूंकडे देऊन टाकली. काकूंना भारी कौतुक. "एवढीशी पोर, पण आईला अहोजाहो करते. चांगलं वळण लावलंस हो."

आईने मान खाली घातली. त्या कुलपाला आज चौथा दिवस आहे. मुलीने तिला अजून 'तू' म्हटलेलं नाही.